सेव्हिलचा भक्त चित्रकार मुरिल्यो

एक साधें घर. डाव्या बाजूस आई सूत गुंडाळीत बसली आहे. जवळच तिची कामाची टोपली आहे. मध्यें बाप बसला असून त्याच्या गुडघ्यास टेकून एक गोजिरवाणें मूल उभें आहे. मुलानें मुठींत एक लहानसा पक्षी धरला आहे आणि तो हात उंच उचलला आहे. कारण समोर बसलेलें पांढरें कुत्रें पंजा वर करून त्या पक्ष्याकडे टक लावून पाहत आहे. मागें सुतारकामाचें बाक दिसतें. आई हातांतील काम न सोडतां मुलाचा खेळ पाहत आहे आणि बापानें त्याला अलगद सांवरलें आहे.

ह्या चित्राची छापील प्रत पाहून आमच्या घरांतील एका बालिकेनें मला विचारिलें, "आजोबा, हीं कोणाच्या घरचीं माणसें?" उत्तर देण्यापूर्वीं मी क्षणभर थबकलों. तें बाळ म्हणजे ख्रिस्ती लोकांचा देव येशू होय. सूत गुंडाळणारी स्त्री त्याची माता मेरी, आणि तो गृहस्थ म्हणजे सुतारकाम करून कुटुंब पोसणारा जोसेफ. परंतु चित्रांत कोणाच्याही मस्तकाभोंवतीं तेजोवलय नाहीं आणि आकाशांतून देवदूतही उतरलेले नाहींत. चित्रकारानें देवाला सिंहासनावरून उतरवून घरांत आणून ठेविलें आहे. गोकुळांतील बाळकृष्णाच्या खोड्या ऐकत लहानाचे मोठे झालेल्या आमच्या वाचकांस ह्यांत नवल वाटणार नाहीं. परंतु ज्या देशांत उग्र तपस्वी आणि देहदंड सोसणारे हुतात्मे हेच धर्मचित्रांचे आवडते विषय होते, त्या सतराव्या शतकांतील स्पेन देशांत ही गोष्ट लहान नव्हती.

सुमारें १६५० सालीं काढलेलें हें चित्र आज माद्रिद शहरांतील प्रादो संग्रहालयांत आहे. तें काढणाऱ्याचें नांव बार्तोलोमे एस्तेबान मुरिल्यो. त्याची कीर्ति एके काळीं राफाएलच्या तोडीची मानीत. पुढें तोच "गोड गोड चित्रें काढणारा" म्हणून उपेक्षेस पात्र झाला. ह्या गोडव्याचें मूळ कशांत आहे, आणि तो दुःख ठाऊक नसलेल्या माणसाचा गोडवा आहे काय, हें त्याच्या चरित्रावरून व कृतींवरून पाहावें, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे. प्रस्तुत लेखकास मूळ चित्रें पाहण्याचा योग आलेला नाहीं. जें पाहिलें तें छापील प्रतिकृतींतून पाहिलें, हें आरंभींच सांगितलेलें बरें.

मुरिल्योचा जन्म दक्षिण स्पेनमधील सेव्हिल शहरीं १६१७ च्या अगदीं अखेरीस झाला असावा. कारण १ जानेवारी १६१८ रोजीं त्याचा बाप्तिस्मा झाल्याची नोंद आहे. चौदा भावंडांत तो शेंडेफळ. त्याचा बाप गास्पार एस्तेबान हा न्हावी आणि शस्त्रवैद्य होता. त्या काळीं युरोपांत हजामत करणें, जखमा बांधणें आणि शीर तोडून रक्त काढणें हीं कामें एकच मनुष्य करीत असे. मुरिल्यो हें नांव त्यानें आईच्या घराण्यावरून घेतलें. तो नऊ-दहा वर्षांचा असतांना, १६२७ व १६२८ ह्या दोन वर्षांत, प्रथम बाप आणि मागोमाग आई अशीं दोघेंही निवर्तलीं. पोरक्या भावाला थोरली बहीण आना हिनें आपल्या घरीं नेलें. तिचा नवराही शस्त्रवैद्यच होता. बहिणीनें आईची जागा घेतली आणि मेहुण्यानें बापाची. म्हणून हा मुलगा रस्त्यावर पडला नाहीं. आपल्या एकत्र कुटुंबांतील वाचकांस अशा आश्रयाची किंमत निराळी सांगावयास नको.

तें सेव्हिल शहरही विलक्षण होतें. अमेरिकेशीं चालणाऱ्या स्पेनच्या सर्व व्यापाराचा मक्ता त्या शहराकडे होता. ग्वादल्कीविर नदीच्या धक्क्यावर सोन्यारुप्यानें भरलेलीं गलबतें लागत. शहरांत धनिकांचे वाडे होते, पदोपदीं मठ आणि देवालयें होतीं. आणि त्याच देवालयांच्या पायऱ्यांवर भुकेल्या अनाथांची व भिकाऱ्यांची रीघ लागलेली असे. एका डोळ्यानें वैभव आणि दुसऱ्यानें दैन्य पाहतच मुरिल्यो वाढला. त्याच्याहून अठरा वर्षांनीं वडील असलेला वेलास्केझ हाही सेव्हिलचाच. परंतु तो १६२३ सालीं माद्रिदला जाऊन राजाचा चित्रकार झाला. मुरिल्यो माद्रिदला जाऊन आला, परंतु राहिला मात्र सेव्हिलमध्येंच. राजाश्रयाखालीं राजपुत्रांच्या तसबिरी काढीत बसण्याऐवजीं त्यानें आपल्या गांवच्या मठांच्या भिंती सजविल्या.

चित्रकलेचे धडे त्यानें हुआन देल कास्तील्यो नांवाच्या आप्तसंबंधी चित्रकाराजवळ घेतले. उमेदवारीच्या दिवसांत तो जत्रेंत विकण्यासाठीं स्वस्त चित्रें रंगवीत असे असें सांगतात. १६४५ मध्यें दोन गोष्टी घडल्या. बेआत्रिस काब्रेरा नांवाच्या तरुणीशीं त्याचा विवाह झाला, आणि सेव्हिलच्या फ्रान्सिस्कन मठाच्या लहान चौकासाठीं संतचरित्रांतील प्रसंगांची एक मालिका काढण्याचें काम त्याच्याकडे आलें. हीं चित्रें पूर्ण झालीं आणि सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा हा तरुण गांवांतला नामांकित चित्रकार ठरला.

त्या मालिकेंतील दोन चित्रांचें वर्णन येथें केल्यावांचून राहवत नाहीं. एकांत मठाच्या स्वयंपाकघरांत सेवा करणारा एक साधु प्रार्थनेंत इतका तल्लीन झाला आहे कीं, त्याचा देह जमिनीपासून वर उचलला गेला आहे. मग स्वयंपाकाचें काय? तें देवदूत करीत आहेत! एकानें पाण्याची घागर आणली आहे, एक खलबत्त्यांत मसाला कुटीत आहे, चिमुकले देवदूत भाज्यांच्या राशीशीं बसले आहेत, आणि दारांतून आंत येणारे पाहुणे हा प्रकार पाहून थक्क झाले आहेत. भक्ताचें दळणकांडण देवानें करावें ही कल्पना आपल्या संतकथांतून आपणांस किती परिचित आहे! हें चित्र आतां पॅरिसच्या लूव्र संग्रहालयांत आहे. दुसऱ्या चित्रांत संत दिएगो हा अन्नाच्या मोठ्या हंड्यापुढें गुडघे टेकून प्रार्थना करीत आहे आणि सभोंवतीं म्हातारे, लंगडे, आया आणि मुलें वाट पाहत आहेत. कोणी हात जोडले आहेत, परंतु कित्येकांची नजर हंड्यावरच आहे. ती भुकेची नजर मुरिल्योनें लपविलेली नाहीं. भुकेल्या माणसाच्या प्रार्थनेंत अन्नाचा वास दरवळतोच, हें त्याला ठाऊक होतें.

पुढें चारच वर्षांनीं सेव्हिलवर काळानें घाला घातला. १६४९ मध्यें प्लेगची भयंकर सांथ आली आणि कांहीं महिन्यांत शहराची सुमारें निम्मी वस्ती, म्हणजे साठ हजारांच्या आसपास माणसें, नाहींशी झाली. त्यानंतर तीनच वर्षांनीं भाकरी महागली म्हणून गरिबांचा दंगा झाला. मुरिल्योच्या चित्रांतील रस्त्यावरचीं पोरें ह्याच काळांतलीं आहेत. लूव्रमध्यें असलेल्या एका चित्रांत एक अनाथ मुलगा खिडकीतून पडलेल्या उन्हांत भिंतीशीं बसून अंगावरच्या फाटक्या कपड्यांतील उवा मारीत आहे. त्याचे मळलेले तळवे आपल्याकडे आहेत. शेजारीं मडकें आहे, फळांची टोपली आहे, आणि जमिनीवर त्यानें खाल्लेल्या कोळंबीचीं सालें पडलीं आहेत. हें धर्मचित्र नव्हे. परंतु स्वतः दहाव्या वर्षीं पोरका झालेल्या माणसानें तें काढलें आहे, हें आठवलें म्हणजे त्या चित्रांतील ऊन निराळें दिसूं लागतें. बहिणीचें दार उघडें नसतें, तर कदाचित् तो स्वतःच तेथें बसला असता.

त्याच्या स्वतःच्या घरींही मृत्यूचें येणेंजाणें होतेंच. बेआत्रिसला बरींच मुलें झालीं. परंतु त्यांतलीं थोडींच जगलीं. अखेर १६६३ च्या शेवटीं बेआत्रिसही गेली. मुरिल्यो तेव्हां शेहेचाळीस वर्षांचा होता. तो पुढें अठरा वर्षें जगला, परंतु त्यानें दुसरें लग्न केलें नाहीं. राहिलेल्या मुलांपैकीं गाब्रिएल हा अमेरिकेस गेला, मुलगी फ्रान्सिस्का हिनें जोगीण होऊन मठांत प्रवेश केला, आणि गास्पार हा पुढें सेव्हिलच्या मुख्य देवालयांत धर्माधिकारी झाला. लंडनच्या राष्ट्रीय चित्रसंग्रहांत मुरिल्योनें सुमारें १६७० सालीं काढलेलें स्वतःचें चित्र आहे. रंगविलेल्या लंबगोल चौकटींतून तो गंभीर मुद्रेनें आपणांकडे पाहत आहे, आणि त्याचा एक हात चौकटीबाहेर आला आहे. खालीं एका बाजूस रंगांची पाटी व कुंचले, दुसऱ्या बाजूस कंपास, पट्टी आणि खडूनें काढलेलें रेखाचित्र आहे. मध्यें लॅटिन भाषेंत लिहिलें आहे कीं, मुलांच्या इच्छा व विनवण्या पुऱ्या करण्यासाठीं मुरिल्योनें हें स्वतःचें चित्र काढलें. कीर्तीच्या शिखरावर असलेला चित्रकार स्वतःस चित्रित करतो, आणि कारण सांगतो तें मुलांच्या हट्टाचें!

विद्यादानाची गोष्टही सांगितली पाहिजे. १६६० सालच्या जानेवारींत मुरिल्यो आणि धाकटा एर्रेरा ह्या दोघांच्या पुढाकारानें सेव्हिलच्या व्यापारी भवनांत चित्रकारांची एक शाळा उघडली. दिवसाचा धंदा आटोपल्यावर चित्रकार संध्याकाळीं तेथें जमत, समोर बसविलेल्या माणसावरून रेखाटन करीत, आणि दिव्याच्या तेलाचा व कोळशाचा खर्च सर्वजण वर्गणीनें भागवीत. नामांकित झालेल्या माणसानेंही दिव्याच्या उजेडांत पुन्हा विद्यार्थी व्हावें, हें आमच्यासारख्या जन्मभर शाळेंत खडू झिजविलेल्यांस विशेष मोलाचें वाटतें.

आतां त्याच्या प्रौढ धर्मचित्रांकडे वळूं. सेव्हिलच्या मुख्य देवालयांत १६५६ सालीं काढलेलें संत अँथनीच्या साक्षात्काराचें प्रचंड चित्र आहे. त्याची उंची पांच मीटरांहून अधिक आहे. खालीं अंधाऱ्या खोलींत अँथनी गुडघे टेकून दोन्ही हात पसरून बसला आहे. वर प्रकाशाच्या लोटांत देवदूतांच्या मेळ्यांतून बाल येशू खालीं येत आहे. दोघांच्या मध्यें नुसती मोकळी जागा आहे. आणि चित्राचें सारें बळ त्या मोकळ्या जागेंत आहे. भेट अजून झालेली नाहीं, होणार आहे, आणि त्या मधल्या क्षणांत भक्ताचे हात ताणले गेले आहेत. ह्या चित्राचा इतिहासही नवलाचा आहे. नोव्हेंबर १८७४ मध्यें चोरांनीं अँथनीची आकृतीच कापडांतून कापून नेली. पुढील वर्षीं तो तुकडा न्यूयॉर्क शहरांत एका चित्रविक्रेत्याकडे विकावयास आला. त्या सद्गृहस्थानें तो ओळखून स्पेनच्या वकिलातीच्या हवालीं केला. तुकडा परत येऊन जागच्या जागीं बसविण्यांत आला.

मुरिल्योचें नांव सर्वतोमुखीं झालें तें मात्र "निष्कलंक मातेच्या" चित्रांमुळें. मेरी ही मूळ पापाच्या स्पर्शावांचूनच आपल्या आईच्या उदरीं आली, अशी एक श्रद्धा आहे. रोमच्या धर्मपीठानें तिला सिद्धांत म्हणून मान्यता दिली ती १८५४ मध्यें. परंतु सेव्हिलचे लोक त्याआधीं दोनशें वर्षें ह्या श्रद्धेसाठीं मिरवणुका काढीत आणि वादविवाद करीत. तिचे उपासक आपल्याजवळही आहेत. पणजीचें टेकडीवरील पांढरें देवालय ह्याच निष्कलंक मातेचें असून तिचा उत्सव दर वर्षीं ८ डिसेंबरास होतो.

आपल्याकडे मूर्तिकारास जसें ध्यान सांगितलेलें असतें, तसें ह्या मातेचें ध्यान वेलास्केझचा गुरु व सासरा पाचेको ह्यानें १६४९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत लिहून ठेविलें होतें: वय बारा-तेरा वर्षें, पांढरा झगा, निळें उत्तरीय, मस्तकाभोंवतीं बारा तारे, पायांखालीं चंद्रकोर. मुरिल्योनें पांढरा व निळा हे रंग ठेविले, चंद्रही ठेविला. परंतु बाकीच्या नियमांचें ओझें हलकें केलें. त्याची मेरी एके जागीं स्थिर उभी नाहीं. तिचें वस्त्र वाऱ्यानें फुललें आहे, केस मोकळे आहेत, डोळे वर लागले आहेत, आणि ढगांतून बालदेवदूत तिच्याभोंवतीं लोटले आहेत. शास्त्रानें सांगितलेली मूर्ति त्याच्या हातीं श्वास घेऊं लागली. ह्या विषयावर त्यानें वीसहून अधिक चित्रें काढलीं. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र त्यानें सुमारें १६७८ मध्यें, वृद्ध धर्मगुरूंच्या आश्रमासाठीं, आपला मित्र हुस्तिनो दे नेवे ह्याच्या सांगण्यावरून काढलें. तें आज प्रादो संग्रहालयांत आहे.

१६६५ पासून त्यानें कापुचिन साधूंच्या देवालयासाठीं एक मोठी मालिका काढली. तेथील मठाच्या आचाऱ्यानें "आठवण म्हणून कांहीं द्या" असें म्हटलें, जवळ कापड नव्हतें म्हणून आपला हातरुमालच पुढें केला, आणि मुरिल्योनें त्यावर माता व बालक रंगवून दिलें, अशी एक आख्यायिका आहे. चित्र वास्तविक नेहमींच्या कापडावर आहे. परंतु लोकांनीं ही गोष्ट रचली ती चित्रकाराच्या स्वभावाला शोभते म्हणून. स्वतः मुरिल्योला मात्र ह्या मालिकेंतील निराळेंच चित्र प्रिय होतें. त्याला तो "माझें चित्र" म्हणे असें त्याचा जुना चरित्रकार पालोमिनो सांगतो. त्यांत संत तोमास नांवाचा आर्चबिशप भिकाऱ्यांना दान देत आहे. एक पांगळा उघड्या पाठीनें आपल्याकडे पाठ करून त्याच्यापुढें बसला आहे. कोपऱ्यांत एक चिमुरडा मिळालेलें नाणें आईला हर्षानें दाखवीत आहे. आणि मागें मेजावर ग्रंथ तसाच पडला आहे. हा संत मोठा विद्वान होता. परंतु दारीं याचक येतांच तो वाचन टाकून उठला. ग्रंथ खोटा नव्हे. परंतु तो मिटून उठण्याची वेळ कोणती, हें ज्याला कळलें त्यालाच तो ग्रंथ कळला. संस्कृत ग्रंथांच्या संगतींत आयुष्य घालविलेल्या ह्या लेखकास तें मेज पाहून थोडी लाजच वाटली.

ह्या विचाराचा पूर्ण विस्तार मुरिल्योनें सेव्हिलच्या "सांता कारिदाद", म्हणजे पवित्र दया, ह्या बंधुमंडळाच्या देवालयांत केला. बेवारशी प्रेतें आणि फांशीं गेलेल्या गुन्हेगारांचीं शवें ह्यांस मूठमाती देणें हें ह्या मंडळाचें जुनें काम. १६६३ मध्यें मिगेल मान्यारा नांवाचा श्रीमंत गृहस्थ त्याचा मुख्य झाला. दोन वर्षांपूर्वींच त्याची तरुण पत्नी वारली होती आणि त्याचें मन संसारांतून उडालें होतें. त्यानें गरिबांसाठीं आश्रयस्थान व रुग्णालय उभारण्याचा ध्यास घेतला. १६६५ मध्यें मुरिल्यो मंडळाचा सभासद झाला. एक विधुर धनिक आणि एक विधुर चित्रकार अशी ती जोडी जमली.

ख्रिस्ती धर्मांत दयेचीं सात कर्में सांगितलीं आहेत: भुकेल्यास अन्न, तहानेल्यास पाणी, उघड्यास वस्त्र, वाटसरूस आसरा, रोग्याची विचारपूस, बंदिवानाची सुटका आणि मृतास मूठमाती. मुरिल्योनें सहा कर्मांसाठीं सहा भव्य चित्रें काढलीं. पांच भाकरींवर पांच हजारांस जेवूं घालणारा येशू हें अन्नदान. खडकांतून पाणी काढणारा मोझेस हें जलदान. ह्या चित्रांत मोझेसइतकेंच महत्त्व तहानेल्या आयांना, मुलांना आणि जनावरांना आहे, म्हणून सेव्हिलचे लोक त्याला नुसतें "तहान" म्हणूं लागले. तीन देवदूतांचें आतिथ्य करणारा अब्राहाम हा आसरा. पांगळ्यास बरा करणारा येशू ही रुग्णसेवा. देवदूतानें तुरुंगांतून सोडविलेला पीटर ही बंधमुक्ति. आणि वस्त्रदानासाठीं त्यानें उधळ्या पुत्राची कथा घेतली: बाप परत आलेल्या फाटक्या मुलाला कवटाळीत आहे, नोकर नवीं वस्त्रें घेऊन उभा आहे, आणि एक लहानसें पांढरें कुत्रें आपल्या जुन्या धन्यास ओळखून त्याच्या पायांशीं उड्या मारीत आहे. बापाआधीं शब्द न बोलतां क्षमा करणारें तें कुत्रें विसरतां येत नाहीं. सातवें कर्म, मूठमाती, हें मुख्य वेदीवर पेद्रो रोल्दान ह्या शिल्पकाराच्या मूर्तींनीं दाखविलें आहे.

ह्याशिवाय मुरिल्योनें दोन वेद्यांसाठीं दोन चित्रें काढलीं. एकांत संत हुआन दे दिओस हा काळोख्या रात्रीं एका रोग्यास पाठीवर घेऊन चालला असतां ओझ्यानें वांकला आहे, आणि देवदूत त्याला हात देत आहे. दुसऱ्यांत हंगेरीची राजकन्या संत एलिझाबेथ राजवेषांतच एका मुलाचें खवड्यांनीं भरलेलें डोकें स्वतःच्या हातांनीं धूत आहे. चित्रकारानें खवडे लपविलेले नाहींत, आणि राजकन्येच्या मुद्रेवर किळस नाहीं. त्याच देवालयांत वाल्देस लेआल ह्यानें १६७२ मध्यें काढलेलीं मृत्यूचीं दोन भयाण चित्रें आहेत. एकांत हाडांचा सांपळा राजमुकुट, ग्रंथ आणि शस्त्रें ह्यांच्या ढिगावर उभा राहून मेणबत्ती विझवीत आहे. दुसऱ्यांत एका बिशपाचें प्रेत किड्यांच्या भक्ष्यस्थानीं पडलें आहे. हें चित्र पाहतांना नाक धरावें लागतें, असें मुरिल्यो थट्टेनें म्हणाला अशी गोष्ट सांगतात. ह्या मांडणींत एक क्रम आहे. आंत शिरतांच मृत्यु दिसतो. मग दयेचीं कर्में दिसतात. सर्व कांहीं नाशवंत आहे, असें कळल्यावर मनुष्यानें करावयाचें काय, ह्या प्रश्नाचें उत्तर मुरिल्योच्या भिंतींवर आहे: जेवूं घाल, पाणी दे, डोकें धू. हीं चित्रें पाहून बाहेर पडणाऱ्या सभासदांना शेजारच्याच दालनांत खरेखुरे रोगी भेटत असत. चित्र आणि कर्तव्य ह्यांत एका भिंतीचें अंतर होतें.

तें अंतर पुढें शेंकडों कोसांचें झालें. १८१० मध्यें नेपोलियनच्या फौजा सेव्हिलमध्यें शिरल्या आणि त्यांचा सेनापति मार्शल सुल्त ह्यानें मठामठांतून चित्रें गोळा केलीं. कारिदादमधील सहांपैकीं चार चित्रें त्यानें स्वतःसाठीं नेलीं. आज अब्राहाम कॅनडांतील ओटावा येथें, उधळा पुत्र वॉशिंग्टनला, पांगळा लंडनला आणि पीटर रशियांतील सेंट पीटर्सबर्गला आहे. एलिझाबेथचें चित्र पॅरिसहून स्पेनला परत आलें, परंतु तें माद्रिदमध्येंच राहिलें आणि १९३९ सालीं स्वस्थानीं पोंचलें. अन्नाचें आणि तहानेचें हीं दोन चित्रें मात्र जागेवरून हाललीं नाहींत. गेलेल्या चारांच्या जागीं आतां त्यांच्या प्रति लाविल्या आहेत. हुस्तिनो दे नेवे ह्यानें काढविलेली निष्कलंक माताही सुल्तनेंच नेली. त्याच्या पश्चात् १८५२ मध्यें ती फ्रेंच सरकारनें सहा लाख फ्रँकांहून अधिक किंमतीस विकत घेतली. तोंपर्यंत कोणत्याही चित्रास इतकी किंमत आली नव्हती. स्पेनला ती परत मिळाली १९४०-४१ सालीं, दोन सरकारांमधील देवघेवींत. दयेसाठीं काढलेलीं चित्रें लोभानें वेगळीं केलीं, ह्याहून मोठा विपर्यास कोणता?

चित्रकाराचा शेवट त्याच्या जीवनाला साजेसाच झाला. कादिझ शहरांतील कापुचिन साधूंच्या देवालयासाठीं संत कॅथरीनचें मोठें चित्र रंगवीत असतां तो परांचीवरून पडला, आणि त्या दुखण्यांतून उठला नाहीं, असें परंपरा सांगते. ३ एप्रिल १६८२ रोजीं सेव्हिलमध्यें तो मृत्युपत्र सांगत होता. तें पुरें होण्यापूर्वींच त्याची वाणी थांबली आणि कागदावर सही व्हावयाची राहिली. त्याला सांता क्रूस नांवाच्या देवालयांत पुरलें. तेथें वधस्तंभावरून येशूचा देह खालीं उतरविणाऱ्यांचें पेद्रो दे कांपान्या ह्याचें एक जुनें चित्र होतें. मुरिल्यो तासन् तास त्यापुढें उभा राही. आणि कोणी कारण विचारलें तर "हे पुण्यवान् लोक प्रभूला खालीं घेईपर्यंत थांबलों आहें," असें म्हणे, अशी आख्यायिका आहे. फ्रेंचांच्या अमलांत तें देवालयही पाडण्यांत आलें. आज तेथें मोकळा चौक आहे. ज्याच्या चित्रांनीं संग्रहालयें भरलीं, त्याची समाधि मात्र कोठें दाखवितां येत नाहीं.

मृत्यूनंतर दोन शतकें त्याची कीर्ति वाढतच गेली. मग तीच त्याला बाधली. त्याच्या मातांच्या आणि बालकांच्या छापील नकला घरोघरीं इतक्या झाल्या कीं, विसाव्या शतकांतील रसिकांस तें माधुर्य नकोसें झालें. वेलास्केझचा गंभीरपणा आणि थुर्बारानचा कठोर एकांत ह्यांपुढें मुरिल्यो मवाळ ठरला. १९८२-८३ मध्यें माद्रिद व लंडन येथें त्याच्या चित्रांचें मोठें प्रदर्शन झालें, तेव्हांपासून मत पुन्हा पालटूं लागलें. आणि जन्माच्या चारशेंव्या वर्षानिमित्त २०१७-१८ मध्यें कापुचिन मालिका सेव्हिलमध्यें पुन्हा एकत्र मांडण्यांत आली.

टीकाकारांचें म्हणणें सर्वस्वीं खोटें आहे असें नव्हे. मुरिल्योच्या कांहीं चित्रांत गोडवा अंमळ जास्त झाला आहे, हें मान्य केलें पाहिजे. परंतु भवभूतीनें करुणालाच सर्व रसांचें मूळ मानिलें, तें ह्या परदेशीं चित्रकाराच्या बाबतींत अक्षरशः खरें वाटतें. दहाव्या वर्षीं आईबाप गेले, तरुणपणीं अर्धें शहर गेलें, मुलें गेलीं, पत्नी गेली. इतकें झाल्यावर मनुष्य एक तर कडवट होतो किंवा कोमल होतो. वाल्देस लेआलनें मेणबत्ती विझविणारा सांपळा रंगविला. मुरिल्योनें मुलाचें डोकें धुणारे हात रंगविले. दोघांनीं पाहिलेलें शहर एकच होतें.

म्हणून पुढच्या खेपेस त्याचें एखादें चित्र पाहण्यांत आलें, तर वाचकांनीं प्रथम देवदूत शोधूं नयेत. कोपऱ्यांतलें नाणें दाखविणारें मूल पाहावें, हंड्यावरची नजर पाहावी, आणि मेजावर उघडा टाकलेला तो ग्रंथ पाहावा. त्या बालिकेचा प्रश्न माझ्या मनांत अजून आहे. हीं कोणाच्या घरचीं माणसें? मी तिला तेव्हां नांवें सांगितलीं. आतां विचारील तर सांगेन, "बाळ, ज्या घरांत दारीं आलेल्याला उपाशीं पाठवीत नाहींत, त्या घरचीं."